वेलदोड्याची राखण

लेंगनं गुडघे टेकले आणि वेलदोड्याच्या झुडपाची पानं दोन्ही हातांनी बाजूला केली. बुंध्याशी काहीच नव्हतं. मोठ्या वेलदोड्याचे घोस जमिनीला टेकून धरतात, मूठभर मूठभर, या दिवसांत लालबुंद. नजरेतून सुटावेत असे ते नसतात. त्यानं शेजारचं झुडूप पाहिलं, त्याच्या खालचं पाहिलं, मग ओढ्याच्या काठानं वाकत वाकत वरपर्यंत गेला. साठ-सत्तर झुडपं होती त्याची. एकाही झुडपाशी एक घोस शिल्लक नव्हता.

मागे थाओची म्हैस उभी होती आणि निवांत रवंथ करत होती. तिला शोधतच तो इथवर आला होता. नाहीतर कापणीच्या दिवसाआधी लेंगनं जंगलातल्या आपल्या तुकड्यात पाऊल टाकणं शक्य नव्हतं. तो राखणदार होता. राखणदारानं जंगलाच्या कडेनं फिरायचं, पायवाटेवर रोवलेल्या मनाईच्या काठीची गवताची गाठ जागेवर आहे ना ते बघायचं, खिंडीतून परक्या गावचं कोणी उतरत नाही ना ते बघायचं. पण आत जायचं नाही. दुसऱ्याच्या तुकड्यात नाही आणि स्वतःच्या तर नाहीच नाही, कारण गेला तर उद्या कोणीही बोट दाखवेल. अकरा वर्षं त्यानं हे पाळलं होतं. काही माणसं नियम पाळतात आणि काही माणसं नियमाच्या प्रेमात पडतात. लेंग दुसऱ्या प्रकारातला.

कापलेले देठ त्यानं बोटानं चाचपले. सुकून तपकिरी झाले होते, म्हणजे चार-पाच दिवस झाले असावेत. दोन बोटं देठ राखून एका फटक्यात कापलेलं, आणि प्रत्येक देठाच्या तोंडावर पान दाबलेलं, पाऊस मुरून मूळ कुजू नये म्हणून. त्याचा हात तिथंच थांबला. चोर पुढच्या वर्षाची काळजी कशाला करेल? पण हा विचार त्यानं पुढे जाऊ दिला नाही. उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि म्हशीच्या पाठीवर गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात काठी हाणली.

उतरताना त्याच्या डोक्यात नव्या वर्षाची बैठक घोळत होती. व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या सेओ लुंग पाड्यावर चोवीस घरं, सगळी ह्मोंग जमातीची. दर वर्षी घराघरातून एकेक माणूस येतो, डुक्कर कापलं जातं, मक्याची दारू फिरते आणि वर्षभराचे नियम ठरतात: गुरं कधी मोकळी सोडायची, सरपण कुठून आणायचं, वेलदोडा कधी काढायचा. कागद नाही, शिक्का नाही. प्यायला, म्हणजे शब्द दिला. यंदा बैठकीत बोलला तो लेंगच. गेली तीन वर्षं जो तो चोरीच्या भीतीनं शेजाऱ्याच्या आधी कापायला बघत होता. सप्टेंबरचा माल ऑगस्टमध्ये, ऑगस्टचा जुलैमध्ये. कोवळे दाणे वाळवले की नुसता भुसा. सा पाच्या बाजारातला व्यापारी नाक मुरडायचा, आणि वर्षागणिक झुडपंही रोडावत चालली होती.

"आठव्या महिन्याची पौर्णिमा उलटेपर्यंत कोणी आत जायचं नाही," लेंग म्हणाला होता. "पिकू द्या. राखतो मी. आणि एवढंही आपल्याला जमलं नाही, तर आपल्यात शब्द नावाची गोष्ट उरली नाही असं समजा."

तेवीस माणसांनी त्याच्याकडे बघत आपापला पेला रिकामा केला होता. पौर्णिमेला आता पाच दिवस उरले होते.

थाओ कुंपणाशीच उभा होता. म्हैस बघून त्याचा चेहरा फुलला, आणि ती कुठे सापडली ते ऐकून लगेच उतरला.

"तुझ्या तुकड्यात? म्हणजे आत गेलास तू?"

"म्हैस गेली. मी तिच्यामागे."

"अरे मग मला हाक मारायची. मी गेलो असतो ना." थाओनं दोरी हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली. "काही नुकसान केलं का हिनं?"

"नुकसान करायला कोणी काही ठेवलंय कुठं? सगळं कापून नेलंय."

थाओ म्हणजे पाड्यावरचा सगळ्यात वाचाळ माणूस. मयतालासुद्धा त्याला दोन विनोद सुचायचे. आत्ता मात्र त्यानं म्हशीच्या कानातली गोचीड काढायला घेतली आणि ती निघेपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही.

"खिंडीपलीकडचे असतील," शेवटी तो म्हणाला.

"खिंडीत मी होतो. रोज, दोन वेळा."

"मग माकडं."

"माकडं सुरीनं कापतात?"

"हल्लीच्या माकडांचं काही सांगता येत नाही बाबा," थाओ म्हणाला आणि स्वतःच हसला. पण ते हसू काही धड जमलं नाही.

तिथून लेंग धाकट्या भावाकडे गेला. बाप गेला तेव्हा चोंग सहा वर्षांचा होता. लेंगनं त्याला पाठीवर घेऊन नांगर धरला होता, त्याच्यासाठी तीन गावं पालथी घालून मुलगी बघितली होती, आणि वेगळं घर मांडून देताना जंगलातल्या आपल्या तुकड्याचा खालचा अर्धा भाग तोडून दिला होता. खालचा भाग जास्त सावलीचा, म्हणजे जास्त पिकाचा. झुआ, लेंगची बायको, तेव्हा काही बोलली नव्हती, पण दोन दिवस भात मात्र करपला होता.

चोंग अंगणात मोटरसायकल उघडून बसला होता.

"ये दादा, बस. हिचा काय आजार आहे कळत नाही. चढ आला की खोकते नुसती."

"माझा वेलदोडा गेला. सगळा."

चोंगच्या हातातला पाना थांबला. "आणि माझा?"

"तुझ्यात मी कसा शिरेन? पण चोरी झाल्यावर मालक बरोबर असला तर चालतं. चल, आत्ता बघून येऊ."

"आत्ता नको," चोंग घाईनं म्हणाला. "हात बघ माझे, सगळं पेट्रोल सांडलंय." त्यानं खरंच हात पुढे करून दाखवले. "आणि ऐक माझं, बोभाटा करू नकोस. गेलं ते गेलं. मी देईन ना तुला माझ्यातला. निम्मा घे."

लेंगला भरून आलं. एवढ्याशा पोराला वाढवलं त्याचं चीज झालं, असं त्याला वाटलं.

"तुझ्यातला कशाला रे? ज्यानं नेला त्याच्याकडून दंडाचं डुक्कर घेऊ. उद्या बैठक बोलावतो."

"दादा, तू उगाच..."

"उगाच काय? आज माझा गेला. लोकांना कळलं तर घाबरून उद्या सगळे आत घुसतील. त्याआधी सगळ्यांना समोर बसवायला हवं. नाहीतर संपलंच."

चोंगनं मान खाली घातली आणि आधीच घट्ट असलेला एक नट पुन्हा आवळायला घेतला.

घरी झुआ निळीच्या पिंपात कापड बुडवत होती. लग्न होऊन आली तेव्हाही तिचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि तीस वर्षांत ते कधी पांढरे झाले नाहीत. लेंग उंबऱ्यावर बसला आणि त्यानं म्हशीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. ती कापड खालीवर करत राहिली.

"उद्या बैठक बोलावतोय," तो म्हणाला.

"नको बोलावूस."

"तूही तेच? चोंगही हेच म्हणाला."

"म्हणाला असेल."

"अगं पण का नको?"

झुआनं कापड बाहेर काढलं, पिळलं, दांडीवर टाकलं आणि हात पुसले.

"कारण ते घोस मी काढलेत."

दोन बोटं देठ आणि वर पान. ही तिच्या आईची पद्धत. नव्यानव्यात तो तिला चिडवायचा, झाडाला टोपी घालतेस का म्हणून. जंगलात गुडघे टेकले तेव्हाच त्याला कळलं होतं, फक्त त्यानं ते कळू दिलं नव्हतं. वेलदोड्याचा चीक बोटांवर आठ-आठ दिवस काळा राहतो. तिच्या निळ्या बोटांवर तो कधीच दिसला नसता.

"कधी?" त्यानं विचारलं.

"चार दिवस झाले. तू सकाळी खिंडीत गेलास की मी ओढ्याकडनं वर जायची. दोन सकाळी पुरल्या."

"आणि माल?"

"रस्त्याच्या वळणावर हल्ली ट्रक येतो. ओला घेतो, कोवळा घेतो, काही विचारत नाही. पैसे पेटीत आहेत."

पेटीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"मी रोज पावसात उभा राहायचो. घोंगडी वाळत नव्हती, तशीच ओली पांघरून जायचो. आणि तू मला सकाळी भाकरी बांधून द्यायचीस. बांधून दिलीस आणि माझी पाठ फिरल्यावर सुरी घेऊन निघालीस. तीस वर्षं, झुआ. परक्यानं केलं असतं तर मी एक रात्र शिव्या दिल्या असत्या आणि झोपलो असतो."

"का केलं ते विचारणार नाहीस?"

"त्यात विचारायचं काय? ट्रक दिसला, पैसा दिसला."

झुआ त्याच्याकडे बघत राहिली. काहीतरी तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. मग तिनं ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली. "तसं समज."

ती रडेल, निदान भांडेल, अशी लेंगची अपेक्षा होती. तिनं दुसरं कापड पिंपात सोडलं. त्या शांतपणानं त्याच्या अंगाची जास्तच आग झाली.

"डुक्कर आपलं कापायचं," तो म्हणाला. "राखणदाराच्या घरानं मोडलं तर राखणदारानंच उठून सांगायचं. आणि दारू तू ओतायची. ज्या हातानं कापलं त्या हातानं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"एकदा विचार कर, लेंग."

"केला."

"रीतीप्रमाणे ओतायची ना? एकेकापुढे जाऊन?"

"रीतीप्रमाणे."

"मग ओतते," झुआ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या सुंगच्या अंगणात लोक जमले. सुंग आजा पाड्यावरचा सगळ्यात वयस्क. पूर्वी याच डोंगरावर अफूची शेतं होती तेव्हापासूनची माणसं आणि त्यांची भांडणं त्याला पाठ होती. लेंग उभा राहिला. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती, पण उभं राहिल्यावर त्यातली दोनच उरली. वेलदोडा वेळेआधी कापला गेला आहे. कापला तो माझ्या घरातून, झुआनं.

यांग काकूनं, विधवा होती ती, एकटीनं चार माणसांचं शेत करायची, पदराला नसलेली धूळ झटकली. मग एकदम सगळे बोलायला लागले.

"अरे, स्वतःचंच कापलंय ना? दुसऱ्याचं नाही ना नेलं?"

"जाऊ दे रे. बाईमाणूस आहे, घाबरली असेल."

"पौर्णिमेला चार दिवस राहिलेत, त्यात कसलं आलंय नियम मोडणं!" हे थाओ.

"डुक्कर राहू दे, लेंग," सुंग आजा म्हणाला. "नव्या वर्षाला कापशील. आम्ही काही ऐकलं नाही, तू काही बोलला नाहीस."

लेंग त्यांच्याकडे बघत राहिला. काल दुपारपासून त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. घरात पायाखालची जमीन सरकली होती, पण ही माणसं तरी जागेवर होती. त्याची अब्रू जाऊ नये म्हणून म्हातारासुद्धा नियम वाकवायला निघाला होता. त्याचे डोळे भरून आले, आणि तेवढाच तो जास्त ताठ झाला.

"नाही आजा," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी राखलं आणि माझ्या घरानं मोडलं. आज मला सोडलंत तर उद्या कोणाला धरणार? उद्या दुपारी माझ्याकडे जेवायला या. घरटी एक माणूस. कोणी चुकवायचं नाही."

चोंग सगळ्यात मागे बसला होता. "दादा," तो म्हणाला, "हात जोडतो तुला."

"बस खाली," लेंग मायेनं म्हणाला.

डुक्कर मोठं होतं. झुआनं दीड वर्ष त्याला मक्याचा कोंडा आणि केळीचे खुंट चिरून घातले होते. सकाळी चार जणांनी ते धरलं, यांग काकूनं आतडी धुतली, चोंगनं चुलवणाखाली लाकडं सारली. सगळे मन लावून राबत होते, नेहमीपेक्षा जास्तच, आणि नेहमीपेक्षा कमी बोलत होते. लेंगला वाटलं, आपल्या दुःखाचा मान राखतायत.

दुपारी तेवीस माणसं घरात मांडी घालून बसली, भिंतीला लागून, चुलीभोवती वळसा घेऊन. मधे मांसाच्या पराती, पुदिना, कोबीचं पाणी, मक्याचा भरडा. प्रत्येकापुढे एक रिकामा पेला. लेंग दाराजवळच्या बाजूला, शेवटी बसला, कारण घरानं मोडलं होतं. झुआनं लग्नातला घागरा नेसला होता. तो ती सणालासुद्धा नेसत नसे.

रीत साधी होती. मोडणाऱ्यानं दारूचा घडा घेऊन एकेकापुढे जायचं, ज्यानं ज्यानं नियम राखला त्याचा पेला दोन्ही हातांनी भरायचा आणि म्हणायचं, तुम्ही राखलंत, मी मोडलं. समोरच्यानं पेला रिकामा केला की माफ. भरलेला शेवटचा पेला रिकामा झाला की जेवायचं, त्याआधी कोणी घासाला हात लावायचा नाही. आठ वर्षांपूर्वी थाओच्या चुलत्यानं दुसऱ्याच्या सरपणाच्या झाडाला कुऱ्हाड लावली होती तेव्हा तो म्हातारा असाच ओतत गेला होता आणि दहाव्या माणसापाशी रडायला लागला होता. नंतर कोणी त्याला त्या झाडावरून कधी बोललं नाही. लेंगला मनातून तेच हवं होतं. झुआ रडेल, लोक पितील, आणि मग कदाचित आपल्यालाही तिच्याकडे बघता येईल.

झुआ घडा घेऊन सुंग आजापुढे गेली. म्हाताऱ्यानं सवयीनं पेला पुढे केला. तिनं ओतलं नाही. ती नुसती उभी राहिली, घडा कमरेवर टेकवून, आणि त्याच्याकडे बघत राहिली. बघण्यात राग नव्हता. काहीतरी विचारलंय आणि उत्तराची वाट बघतेय, असं. म्हाताऱ्याचा हात अधांतरी राहिला, मग हळूहळू खाली आला, आणि रिकामा पेला त्याच्या मांडीशी टेकला.

झुआ पुढच्या माणसापुढे गेली.

लेंगला वाटलं ती घाबरली आहे, रीत विसरली आहे. "झुआ, ओत की," तो दबक्या आवाजात म्हणाला. तिनं वळून बघितलं नाही. पुढचा माणूस तिच्या पायांकडे बघत होता. त्याच्या पुढचा छताकडे. यांग काकूनं ती येण्याआधीच आपला पेला उचलून मांडीत घेतला आणि वर पदर ओढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं मान वर केली नाही. थाओपुढे झुआ थांबली तेव्हा तो म्हणाला, "माझं पोट बरं नाही आज," आणि कोणीच हसलं नाही, तोही नाही.

चुलीवरचं पाणी उकळत होतं, तेवढाच आवाज होता. एक माणूस, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकापुढे ती तेवढाच वेळ थांबत होती, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. बाराव्या-तेराव्या माणसापर्यंत लेंगला कळून चुकलं होतं. आणि तरी तो मोजत राहिला, कारण अजून माणसं उरली होती. कोणीतरी असेल. ओढ्याच्या काठची सगळी वाट तिनं बघितली होती, कोण कधी वर गेलं ते तिला ठाऊक होतं. तरी एखादं घर असेलच. हा असेल. हा नाही तर तो असेल. अकरा वर्षं आपण जंगलाकडे पाठ करून खिंडीकडे बघत उभे होतो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला आपल्याच डोळ्यांची लाज वाटली.

चोंग तेविसावा, शेवटचा. त्याच्यापुढे झुआ थांबली, आणि इथे मात्र जास्त वेळ थांबली. चोंगनं पेला उचललाही नव्हता.

"वहिनी," तो इतक्या हळू म्हणाला की दुसऱ्या कुठल्या दिवशी ते ऐकूही आलं नसतं, "पुढे जा."

ती पुढे आली. आता फक्त लेंग उरला होता. झुआ त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, घडा दोन्ही निळ्या हातांत धरला आणि त्याचा पेला काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.

"तू राखलंस," ती म्हणाली. "मी मोडलं."

मग तिनं घडा बाजूला ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसून राहिली.

लेंग वाट बघत होता. कोणीतरी एकानं म्हणावं, वहिनी, माझा पेला राहिला. निदान रागावून म्हणावं, आमच्यावर आळ घेतेस का. घरात चोवीस घरांची माणसं होती आणि ते वाक्य म्हणायला एकही तोंड उघडलं नाही. त्याला ओरडावंसं वाटलं. काल याच माणसांच्या प्रेमानं आपले डोळे भरून आले होते, हे त्याला आठवलं.

"का, ते तू परवा सांगायचंस," तो झुआला म्हणाला.

"तू विचारलं नाहीस."

"निदान त्यांची नावं..."

"नावं मी कशी घेऊ? ज्याची त्यानं घ्यायची." ती थांबली. "मी सगळ्यांत शेवटी गेले, लेंग. वीस दिवस एकेक घर वर जाताना बघत होते. वाटत होतं, कोणीतरी तुला सांगेल. चोंग तरी सांगेल."

चोंग परातीकडे बघत होता. मांसावरची चरबी गोठून पांढरी पडायला लागली होती. सगळेच परातीकडे बघत होते. बघायला दुसरी जागाच नव्हती. भरलेला पेला एकच होता, आणि तो रिकामा झाल्याशिवाय कोणाला घासाला हात लावता येत नव्हता. कोणीतरी खाकरलं. कोणाचं तरी पोट वाजलं.

"लेंग," सुंग आजा म्हणाला, जमिनीकडे बघत. "पी बाबा."

लेंगनं पेला उचलला. ह्मोंग माणूस कधी एकटा पीत नाही. एकानं उचलला की समोरचा उचलतो, नाहीतर तो अपमान. त्याचे हात सवयीनं भावाच्या दिशेनं वळले आणि तिथंच थांबले.

"घे ना दादा," चोंग म्हणाला. "जेवण गार होतंय."

लेंग वळला. झुआकडे तोंड करून, तिच्याकडे बघत, त्यानं पेला एका दमात रिकामा केला आणि तिच्या हातात दिला. मग उठला, भिंतीला टेकलेली ओली घोंगडी उचलली आणि कोणाकडे न बघता स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडला. तो अजून अंगणातच होता, तेव्हा मागे परातींवर जेवणाच्या काड्यांचा आवाज सुरू झाला.